साडेचार तबकड्या

३ नोव्हेंबर, सोमवार

नवी वही. जुन्या वहीत फार रडगाणं झालं होतं, ती माळ्यावर टाकली. ही वही फक्त कामाची.

संकल्प:

एक. रोज उडत्या तबकड्यांवरचा एक माहितीपट पाहायचा. टिपणं काढत, बिस्किटं न खाता.

दोन. मार्चअखेर ग्रंथ पूर्ण. नाव ठरलं आहे: उडत्या तबकड्यांचे माहितीपट, एक परखड समीक्षा. तीनशे पानं. आत्तापर्यंत अर्पणपत्रिका झाली आहे. दोन पर्याय लिहून ठेवलेत.

तीन. आईवर चिडायचं नाही.

वाचनालयाच्या फिल्म विभागात मला अठरा वर्षं झाली. ग्रंथपाल मॅडमनी पद्धत पाडली आहे की प्रत्येकाने पाहिलेल्या फिल्मसाठी चार ओळींचं शिफारसकार्ड लिहायचं आणि कपाटाला चिकटवायचं. बाकीचे लिहितात, छान आहे, सहकुटुंब पाहावी. ही काय समीक्षा झाली? मी कार्डाच्या दोन्ही बाजू वापरतो, जागा संपली की कडेने उभं लिहितो. आजवर एकशे चाळीस कार्डं. पाचपैकी तबकड्या देण्याची पद्धतही माझीच.

एक गोष्ट नोंदीसाठी, मग पुन्हा हा विषय नाही. मी भाबडा नाही आणि नास्तिकही नाही. मी साक्षीदार आहे. तेहतीस वर्षांपूर्वी, १२ डिसेंबरला, संध्याकाळी साडेसातला, मागच्या खोलीच्या खिडकीतून मी पाण्याच्या टाकीवर एक दिवा पाहिला. मी अकरा वर्षांचा होतो. त्याच संध्याकाळी माझा दादा नाहीसा झाला. एकोणीस वर्षांचा होता. पुन्हा दिसला नाही, पत्र नाही, काही नाही. दिव्याची गोष्ट मी पोलिसांना सांगितली, त्यांनी लिहून घेतली. दोन घटनांचा संबंध उघड आहे. तो सिद्ध करायचा, एवढंच माझं काम. अगदी ऑब्जेक्टिव्ह.

झोपताना पाहिलं, आईने पुन्हा मागच्या दाराची कडी लावली नव्हती. डिसेंबर तोंडावर, हिला खोकला, आणि दार नुसतं लोटलेलं. चिडलो. तिसरा संकल्प सव्वाचार तास टिकला.

५ नोव्हेंबर, बुधवार

'गुरांनी काय पाहिलं' पाहिला. बावन्न मिनिटं.

शेतकरी बोटाने शेत दाखवतो. कॅमेरा तिकडे जातो. गवत. कॅमेरा परत येतो, शेतकऱ्याचं बोट तसंच. गाईचा क्लोजअप चार वेळा. गाय काही बोलत नाही, म्हणून निवेदकच घोगऱ्या आवाजात तिच्या वतीने प्रश्न विचारतो. ते कोण होते? ते का आले? ते परत येतील का? एकाचंही उत्तर देत नाही. प्रश्न विचारायला मलाही येतात. सगळ्यात वाईट म्हणजे दिवा सरळ येतो आणि सरळ जातो. कुठे थांबत नाही. दीड तबकडी.

बिस्किटं चार. आईने ताटलीच पुढे केली, नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑफिसात मला मागून तबकडी म्हणतात असं शिपायाकडून कळलं. बरं वाटलं. एखाद्या विषयाशी नाव जोडलं जाणं सोपं नसतं.

फिल्म परत करताना सभासदाने अभिप्रायाची चिठ्ठी द्यायची असते. कोणी देत नाही. एकच गृहस्थ देतात, पेन्सिलीने, बारीक अक्षरात. निवृत्त हवामानवाले. तीस वर्षं हवामान केंद्रात रोज सकाळी फुगे सोडले, हीच त्यांची एकूण कमाई. 'गुरांनी काय पाहिलं' नेऊन दुसऱ्या दिवशी आणून दिली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: फुगा. पंचेचाळीस मिनिटांच्या सुमारास दोरीही दिसते.

ज्याने जन्मभर फुगे सोडले त्याला सगळीकडे फुगेच दिसणार. चोराच्या मनात चांदणं.

दोरी पाहिली. दिसते. कार्डावर अर्धी तबकडी कमी केली.

९ नोव्हेंबर, रविवार

ताई आली होती. तिचं म्हणणं पुन्हा तेच. आईने तिच्याकडे राहायला यावं. चौथा मजला, लिफ्ट आहे, ऊन येतं, खाली डॉक्टर. इथे हिवाळाभर ही खोकत बसते आणि तू खोलीत अंधार करून यानं बघतोस, म्हणाली. मी यानं बघत नाही, माहितीपटांची समीक्षा करतो, हे मी शांतपणे सांगितलं. ताई म्हणाली, अरे, पण आवाज तर तोच येतो ना, घूंऽऽ करून. मी रागावलो नाही, कारण त्या पार्श्वसंगीताबद्दल माझंही तेच मत आहे.

आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, मी इथून हलणार नाही. कारण सांगितलं नाही.

मला कारण माहीत आहे. ती रोज संध्याकाळी माझ्याबरोबर फिल्म बघते. डोळे मिटलेले दिसतात, पण ऐकते. तिला माझ्या कामाचं महत्त्व कळतं. घरात एक तरी माणूस असं असावं लागतं. अर्पणपत्रिकेचा तिसरा पर्याय सुचला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

'वैमानिकाची शपथ'. निवृत्त वैमानिक पुस्तकांच्या कपाटासमोर बसून शपथ घेतो. कपाटातली पुस्तकं बाकीच्या बारा माहितीपटांतही तीच असतात. कपाट भाड्याने मिळत असावं. दोन तबकड्या, त्यातली अर्धी वैमानिकाच्या मिशीला.

पण एक गोष्ट. एकतिसाव्या मिनिटाला विमानतळाबाहेर गर्दी उभी आहे, त्यात मागे एक माणूस. पन्नाशीचा. चेहरा अर्धवट दिसतो, पण कान. दादाचे कान असेच बाहेर आलेले होते, बाबा त्याला त्यावरून चिडवायचे. चौदा वेळा मागे नेऊन पाहिलं. आईला उठवून दाखवलं. तिने टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं, मग पडद्यावर बोट ठेवलं, पुसलं, आणि म्हणाली, नाही. याचा अंगठा बघ, आपल्याकडे कोणाचा असा नाही.

मी आजवर प्रत्येक फिल्मची गर्दी बघत आलो आहे हे समीक्षेत लिहिण्यासारखं नाही. लिहिणारही नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

हवामानवाले स्वतः काउंटरवर आले. चिठ्ठी: शुक्र ग्रह. मी विचारलं, शुक्राला मिशीवाला वैमानिक ओळखणार नाही का? ते म्हणाले, शुक्राला सगळ्यात जास्त वैमानिकच फसतात, आम्हाला फोन करायचे. मग म्हणाले, तुमची कार्डं मी आवडीने वाचतो हो, फिल्मपेक्षा कार्डंच बरी असतात.

हा टोमणा होता की कौतुक, याचा विचार करत जेवलो. कौतुकच.

२० नोव्हेंबर, गुरुवार

निर्णय झाला! फार दिवस सगळ्यांच्या मागे राहिलो. १२ डिसेंबरला वाचनालयात जाहीर चर्चासत्र. विषय: उडत्या तबकड्यांचे माहितीपट, काय पाहावं आणि का. शेवटी माझं स्वतःचं निवेदन, स्लाइडसह, प्रथमच जाहीर. तेहतीस वर्षं पूर्ण होतात तो दिवस. हवामानवाल्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलवायचं आणि सर्वांसमोर निरुत्तर करायचं.

मॅडम म्हणाल्या, हॉल मिळणार नाही, बालविभाग घ्या, पाच ते साडेसहा, खुर्च्या जागेवर ठेवून जा. बालविभागातल्या खुर्च्या गुडघ्याएवढ्या आहेत. हरकत नाही. गंभीर श्रोता कुठेही बसतो.

अपेक्षित उपस्थिती साठ. खुर्च्या चाळीस. वीस जण उभे राहतील.

२४ नोव्हेंबर, सोमवार

'धरणावरचे सात दिवे' तिसऱ्यांदा पाहिला. हा खरा माहितीपट. निवेदक कमी बोलतो, नट विग घालून काही करून दाखवत नाहीत. धरणाचा एक चौकीदार आहे, स्टुलावर बसून सांगतो. दिवा लुकलुकला, एक, दोन, तीन. मग थांबला. मग परत एक, दोन, तीन. बोलता बोलता चौकीदार मधेच गप्प होतो, दिग्दर्शकाने ती शांतता कापली नाही. साडेचार तबकड्या. कार्डावर लिहिलं: जरूर पाहा, एकट्याने पाहू नका.

आईचे डोळे आज उघडे होते. तिने विचारलं, किती वेळा म्हणाला तो? मी म्हटलं, तीनदा. थांबून परत तीनदा. ती उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी घासल्याचा आवाज बराच वेळ येत होता. भांडी मी सकाळीच घासली होती.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पडदा धुवायला टाकला. चूक झाली. मागच्या खोलीची खिडकी आता वाळेपर्यंत उघडी. टाकी समोरच दिसते. गेली वीस वर्षं त्या टाकीत पाणी नाही, नुसती उभी आहे. लोखंडी जिना, वर कठडा. दादा तिथे चढून बसायचा, चोरून सिगारेट ओढायचा.

मी टीव्ही भिंतीकडे फिरवून टाकीकडे पाठ करून बसलो. मानेला उष्ण वाटत होतं. ताप मोजला, नाही.

पडदा ओलाच लावला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

ताई पुन्हा आली, या वेळी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. छातीत कफ साठलाय, गार वारा बंद करा, नाहीतर दवाखान्यात ठेवावं लागेल. ताई रडली. मला म्हणाली, तू तरी तिला सांग, तुझं ऐकेल. मी आईला सांगितलं की मागच्या दाराला आजपासून कडी लागेल, मी स्वतः लावीन. आई माझ्याकडे अशी बघायला लागली की मी ताईकडे बघायला लागलो.

मग तिने ताईला विचारलं, तुझ्या घराला मागचं दार आहे का गं?

ताई म्हणाली, चौथ्या मजल्यावर मागचं दार कशाला असेल? आई म्हणाली, मग झालं तर.

वयाने माणूस हट्टी होतो. ताई गेल्यावर कडी लावली. दहा मिनिटांनी आई उठली. लोखंड सरकल्याचा आवाज आला. मी पांघरुणात पडून ऐकत राहिलो. उठायला हवं होतं, पण हवा गार होती.

२ डिसेंबर, मंगळवार

स्लाइडचं काम. पहिली: माझं नाव आणि हुद्दा. दुसरी: घटनास्थळाचा नकाशा. घर, खिडकी, मागचं दार, मधे ऐंशी पावलं मोकळी जागा, टाकी. तिसरी: साक्षीदार कुठे उभा होता.

साक्षीदार खिडकीशी उभा होता. डावीकडे मागचं दार. दाराला कडी, साक्षीदाराच्या खांद्याएवढ्या उंचीवर. हात पोचत होता

हा तपशील विषयाशी संबंधित नाही. नकाशातून दार काढून टाकलं. स्लाइड जास्त स्वच्छ दिसते.

चार स्लाइड झाल्या, छत्तीस बाकी. उद्यापासून पहाटे उठणार.

३ डिसेंबर, बुधवार

उठलो. सव्वानऊला.

५ डिसेंबर, शुक्रवार

रंगीत तालीम. दिवा कसा लुकलुकला ते प्रेक्षकांना प्रत्यक्ष दाखवायचं ठरवलं. ड्रॉवरमधून जुना टॉर्च काढला, सेल घातले, खोलीत अंधार केला. स्टॉपवॉच घेऊन वेळ बसवणार होतो. बसवायची गरजच पडली नाही. अंगठ्याला बरोबर माहीत होतं. तीन. थांबा. तीन. हात आपोआप चालला.

मागे वळलो तर दारात आई. किती वेळ उभी होती कोण जाणे. म्हणाली, हा कुठे सापडला? मी म्हटलं, ड्रॉवरमध्ये. म्हणाली, दोन होते. तुम्हा दोघांना एक एक आणला होता.

मी म्हटलं, हो का, मला आठवत नाही.

भाषण एक तास पन्नास मिनिटांचं झालं. वेळ दीड तास. प्रश्नोत्तरं काढून टाकली.

९ डिसेंबर, मंगळवार

हवामानवाल्यांनी आमंत्रण स्वीकारलं. तोवर पुन्हा सगळी कार्डं वाचतो म्हणाले, वही घेऊन कपाटासमोर दोन तास उभे होते. अभ्यासू दिसतात. पराभव असाच माणूस नीट पचवतो.

पोस्टर लावलं. खाली कोणी तरी पेनने लिहिलं, येताना हेल्मेट आणावं का. प्रतिसाद चांगला आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी

आज. शर्ट इस्त्री. टॉर्च, दोन जादा सेल. मॅडमना मोठा प्रोजेक्टर मागितला. आई म्हणाली, मीही येते. तिला खोकला होता, पण मी नको म्हटलं नाही. माझ्या आयुष्यातला दिवस आहे.

१२ डिसेंबर. संध्याकाळी ७.४०

उपस्थिती सात. आई, ताई, मॅडम, शिपाई, हवामानवाले, आणि एक जोडपं. जोडप्याला वाटलं होतं गोष्टी सांगण्याचा कार्यक्रम आहे. त्यांच्याबरोबर मूल नव्हतं, ते का आले होते तेही कळलं नाही. सगळे गुडघ्याएवढ्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीपाशी. भिंतीवर हत्ती आणि फुलपाखरं. प्रोजेक्टर लहान निघाला, माझं नाव हत्तीच्या पोटावर पडलं.

पहिला तास उत्तम गेला. मिशीवाल्या वैमानिकावर शिपाई हसला. मग माझं निवेदन. नकाशा दाखवला. दिवे घालवून टॉर्चने करून दाखवलं. तीन, थांबा, तीन. कोणी हललं नाही. मी विचारलं, प्रमुख पाहुण्यांना काही म्हणायचं आहे का? मनात म्हटलं, म्हणा आता फुगा.

ते उठायला गेले, खुर्ची त्यांच्याबरोबर उठली, ती शिपायाने काढली. मग वही उघडून म्हणाले, तुमची एकशे त्रेचाळीस कार्डं वाचली. जिथे दिवा तीनदा लुकलुकून थांबतो, त्या चार फिल्मना तुम्ही चारच्या वर तबकड्या दिल्या. बाकी सगळ्यांना दोन किंवा त्याहून कमी. फोटोग्राफी असो, पुरावे असोत, तुम्हाला काही फरक पडत नाही. तुम्ही तबकडी शोधत नाही आहात, एक दिवा शोधताय.

मी म्हटलं, तो दिवा काय होता ते तुम्ही सांगा.

ते फार हळू बोलले. म्हणाले, मी तीस वर्षं रोज आकाश बघितलं. फुगा वाऱ्याबरोबर जातो, ग्रह जागेवर असतो, विमान आपल्या वाटेने जातं. तीनदा लुकलुकून थांबणारं आकाशात काही नसतं. थांबतो तो माणूस. तो उत्तराची वाट बघत असतो.

मी पुढची स्लाइड लावली. पुढची स्लाइड नव्हती. हत्ती दिसला.

जोडप्याने टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं संपलं. मी आभार मानले. खुर्च्या जागेवर ठेवल्या. ताई घरापर्यंत सोबत आली. आई वाटभर खोकत होती.

१३ डिसेंबर, शनिवार

आज लिहिण्यासारखं काही नाही. हवामानवाले फुगे सोडणारे, त्यांना काय कळतं.

१३ डिसेंबर. संध्याकाळी

लिहितो. ही वही माझ्याशिवाय कोण वाचणार आहे?

त्या दिवशी दादाने शिक्षण सोडून थिएटरात प्रोजेक्टर चालवायची नोकरी धरली. बाबांनी त्याला घराबाहेर काढलं. मागचं-पुढचं दार लावून घेतलं आणि सगळ्यांना बजावलं, कोणी कडी काढली तर त्यानेही चालतं व्हावं. बाबा बोलले की घर हलायचं.

दादाला नेहमी उशीर व्हायचा. म्हणून आमची खूण ठरलेली होती. तो टाकीवरून टॉर्च दाखवायचा, तीनदा. म्हणजे, मागची कडी काढ. मी खिडकीतून माझ्या टॉर्चने तीनदा दाखवायचो. म्हणजे, काढली, ये. शंभर वेळा केलं असेल. एकदाही पकडले गेलो नाही.

त्या दिवशी त्याने तीनदा दाखवलं. मी टॉर्च हातात घेऊन खिडकीशी उभा होतो. तो थांबला. परत तीनदा दाखवलं. कडी हाताशी होती. पलीकडच्या खोलीत बाबा खाकरले. मी टॉर्च पांघरुणाखाली लपवला आणि स्वतःही आत शिरलो. पांघरुणातून किती तरी वेळ मोजत होतो. नऊ वेळा दाखवलं त्याने. मग दाखवलं नाही.

पोलिसांनी विचारलं, बाळ, तू काही पाहिलंस का? बाबा शेजारी उभे होते. मी म्हटलं, आकाशात दिवा पाहिला. पोलिस हसले नाहीत, लिहून घेतलं. लिहिलं गेलं की खरं झालं. मग मी पहिली फिल्म पाहिली तेव्हा तेरा वर्षांचा होतो, आणि मला इतकं हायसं वाटलं होतं, जगात कुणाकुणाला दिवे दिसतात.

मला दादाची फार आठवण येते. रोज येते.

१४ डिसेंबर, रविवार

आईला सांगितलं. सकाळी, चहा घेताना, एका दमात. वाटलं होतं ती रडेल किंवा मला घराबाहेर काढेल. तिने कप खाली ठेवला आणि म्हणाली, माहीत आहे. मीही पाहिला होता दिवा, स्वयंपाकघराच्या खिडकीतून. तुमची खूण मला पहिल्यापासून ठाऊक होती. रोज कडी कोण काढतं हे काय आईला कळत नाही?

मी विचारलं, मग?

म्हणाली, मग काय. मीही उठले नाही. तू अकराचा होतास रे. मी पंचेचाळीसची होते.

बिस्किटं कोणीच खाल्ली नाहीत. पहिला संकल्प प्रथमच पाळला गेला.

१६ डिसेंबर, मंगळवार

खोकल्यात रक्ताचा ठिपका. ताई टॅक्सी घेऊन आली. आई उंबऱ्यात बसून राहिली, येणार नाही म्हणाली. तेव्हा मी म्हटलं, तू जा. मी मागच्या खोलीत झोपतो. कडी लावणार नाही. तिने विचारलं, विसरशील? म्हटलं, नाही. टीव्ही लावून बसशील आणि ऐकू येणार नाही, म्हणाली. म्हटलं, टीव्ही पुढच्या खोलीत ठेवतो.

तिने माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. मग टॅक्सीत बसली.

ग्रंथ स्थगित. अर्पणपत्रिका ठेवली आहे, तीनही.

१७ डिसेंबर, बुधवार

हवामानवाले काउंटरवर आले. शुक्रवारपासून त्यांना तोंड कसं दाखवायचं हाच विचार करत होतो. त्यांनी 'धरणावरचे सात दिवे' परत केली. चिठ्ठी कोरी होती. म्हणाले, यावर मला काही लिहायचं नाही, तुमच्या साडेचार बरोबर आहेत.

१९ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी ६.२०

मागची खोली. पडदा काढून टाकला आहे. दार लोटलेलं. वारा पायाशी येतो, दोन मोजे घातलेत.

साडेपाचला दार करकरलं. कोणी तरी हळूच ढकललं, अगदी हळू, घरच्याला जागं न करता आत यायची सवय असलेल्या माणसासारखं. मी उठून बसलो. टॉर्च उशाशी होता तरी हाताला सापडेना. दादा म्हणून हाक मारली. चव्वेचाळिसाव्या वर्षी, मोठ्याने.

मांजर होतं. शेजारचं, पांढरं, एक कान फाटलेला. माझ्याकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेलं. वाट माहीत असल्यासारखं.

सहा वाजता आईला फोन केला. ती जागीच होती. बरं वाटतंय का विचारायच्या आधी तिने विचारलं, कोणी आलं होतं?

म्हटलं, मांजर.

म्हणाली, मांजरच असतं. पण उठून बघायचं.

म्हटलं, बघितलं.